स्टेअरिंगचा गिअर आणि आमचं गॅरेज: आमची वाटचाल

शीवला 1988 साली आम्ही शटर उघडलं ते फक्त फिएटच्या गाड्यांसाठी. त्या बनवणाऱ्या प्रीमिअरचा कारखाना कुर्ल्याला, पार्ट हाताशी, आणि रस्त्यावर काळ्या-पिवळ्या पद्मिनी, गिअरची दांडी स्टेअरिंगच्या खांबाला, म्हणजे कॉलमला. पण वारं तोवर फिरलं होतं. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली, 1985 मध्ये प्रीमिअरचीच 118 एनई आली, दोन्हींचा गिअर खाली. मग ज्याला त्याला पद्मिनीतही फ्लोअर गिअर हवा झाला. बकेट सीट, मधे उभी दांडी, वर गोल नॉब. तरुण पोरांना वाटायचं आपण मद्रासजवळच्या शोलावरमच्या रेस ट्रॅकवर आहोत.

स्टेअरिंगच्या गिअरला नावं ठेवणाऱ्याला मी आजही एकच विचारतो: बुश, म्हणजे सांध्यातली छोटी नळकांडी, कधी बदलले होते? दांडीची हालचाल कॉलमच्या बाजूने खाली उतरते आणि तिथून रॉडवाटे गिअरबॉक्सला जाते. प्रत्येक जोडाला थोडी ढिलाई आली की ती सगळी वर हातात जमा होते. गिअर दोन घरांच्या मधे अडकतो आणि भर चौकात बॉनेट उघडून लिव्हर हाताने न्यूट्रलला आणावे लागतात. गिअरबॉक्स ज्यावर टेकतो ते रबरी माउंटिंग खचलं असेल तर नवे बुश घालूनही रॉड जुळत नाहीत. म्हणून आधी माउंटिंग, मग बुश, शेवटी ॲडजस्टमेंट. हा क्रम मोडू नका.

आमचे लेथवाले अण्णा सुरुवातीपासूनचे भागीदार. बाजारातले रबरी बुश त्यांना कधी पटले नाहीत. नायलॉनची कांडी आणून ते स्वतः बुश कातायचे, आणि भोक लांबट झालेलं असेल तर आधी रीमर फिरवून ते गोल करून घ्यायचे. अडचणीतल्या नटासाठी त्यांनी एक पाना तापवून वाकवला होता. तो अजून खिळ्याला टांगलेला आहे आणि नवख्या पोरांना त्याला हात लावू देत नाही.

1996 च्या सुमाराला आमच्याच गल्लीत दुसरं गॅरेज आलं. नाव घेत नाही. सकाळी गाडी द्या, संध्याकाळी फ्लोअर गिअर घेऊन जा, असा त्याचा बोर्ड. आमच्या दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तो हाक मारून सांगायचा, ‘कशाला भंगारावर पैसे घालता?’ आमचा हाताखालचा पोरगाही त्याने पळवला. भाडं थकलं. लेथ विकायचं ठरलं, गिऱ्हाईक बघूनही गेलं, पण अण्णा मशीनवरून हलेनात. म्हणाले, ‘पाऊस पडू दे, मग बोलू.’

पाऊस पडला. त्या दुसऱ्या गॅरेजच्या कामात टनेलचा, म्हणजे मधल्या उंचवट्याचा, पत्रा छिन्नीने फाडलेला, कडेला ना रंग ना सील. खालून पाणी आत, मॅटखाली गंज, आणि पातळ पट्टीच्या ब्रॅकेटवर दांडी खडखडायची. लोक परत आमच्याकडे आले, पण मूळ लिंकेज, म्हणजे गिअरचे रॉड आणि जोड, कुठे होतं? त्याने ते किलोवर भंगारात घातलं होतं! हे मी विसरलेलो नाही. अण्णा आणि मी कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे जाऊन तेच रॉड, तेच कॉलम वजनावर विकत घेतले. गॅरेज त्यावर तगलं. पुढची वर्षं काम नीट चाललं.

त्या वाईट काळात गिरगावचे एक मास्तर दर महिन्याला गाडी आणायचे, काम असो नसो. पुढचं सलग सीट त्यांना मोडायचं नव्हतं. खाली दांडी नसल्यामुळेच पुढे तिघं बसायची, मधे त्यांची नात. त्यांची गाडी आजही मूळ गिअरवर आहे.

शेवटच्या काळात कंपनीनेच फ्लोअर गिअरच्या पद्मिनी काढल्या. त्या नीट होत्या, त्यांना मी नावं ठेवत नाही. फ्लोअर गिअरचं बाहेरचं किटही चालतं, पण जाड ब्रॅकेट, पत्र्याला मागून पट्टी, कडेला सील आणि रबरी बूट हवाच. आणि काढलेलं लिंकेज पोत्यात बांधून घरी न्या, गॅरेजवाल्याकडे ठेवू नका, आमच्याकडेसुद्धा.

2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. आता हौशी लोक येतात, मूळ गिअर परत बसवून मागतात. रॉड आमच्या माळ्यावर आहेत. येताना जुने बुश फेकू नका, सोबत आणा. अण्णांचा मुलगा माप त्यावरूनच घेतो.