डोक्याला मार बसल्यानंतरचे चार आठवडे

मी व्यावसायिक रग्बी युनियन खेळतो. माझी जागा ओपनसाइड फ्लँकरची, म्हणजे जर्सीवर ७ हा आकडा, आणि काम मुख्यतः टॅकल करण्याचे, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून खाली पाडण्याचे, व जमिनीवर पडलेल्या खेळाडूकडून चेंडू हिसकावून घेण्याचे. अशाच एका टॅकलमध्ये माझे डोके धावणाऱ्याच्या मागच्या बाजूला राहण्याऐवजी त्याच्या पुढे आले आणि त्याचा गुडघा माझ्या कानशिलावर आदळला. मी तत्काळ उठून पुढच्या रककडे, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूसाठी चाललेल्या दोन्ही संघांच्या रेटारेटीकडे, धावलो, अशी माझी पक्की समजूत होती. नंतर दाखवलेल्या चित्रीकरणात मात्र मी दोन्ही हात गवतावर टेकून बराच वेळ खाली बघत बसलेला दिसतो.

मैदानाबाहेरच्या डॉक्टरांनी तेच चित्रीकरण लगोलग पाहिले होते. शिवाय वरच्या पातळीवरील स्पर्धांत २०२४ पासून संवेदक बसवलेले माउथगार्ड, म्हणजे दातांवर घालायची संरक्षक कवचे, वापरले जातात आणि धक्का ठरावीक मर्यादेपलीकडचा असेल, तर त्याची सूचना सामना चालू असतानाच डॉक्टरांपर्यंत पोहोचते. मला डोक्याच्या दुखापतीच्या तपासणीसाठी (हेड इंजुरी असेसमेंट, आमच्या बोलण्यात एचआयए) बाहेर बोलावण्यात आले. यासाठी पूर्वी १० मिनिटे मिळत, आता १२ मिळतात. तेवढा वेळ बदली खेळाडू तात्पुरता उतरतो. खेळाडू शुद्ध हरपून पडला किंवा त्याचा तोल उघडपणे गेला, तर चाचणीची वाटही पाहिली जात नाही. त्याचा सामना तिथेच संपतो.

आतल्या शांत खोलीत मला दहा शब्द ऐकवून ते परत म्हणायला सांगितले, आकडे उलट्या क्रमाने म्हणून घेतले आणि टाचेला पंजा लावत सरळ रेषेवरून चालवले. चालणे जमले, आकडेही बरेचसे जमले; पण थोड्या वेळाने तेच शब्द पुन्हा विचारले, तेव्हा चारांपुढे माझी गाडी गेली नाही. हे गुण हंगामापूर्वी निरोगी अवस्थेत घेतलेल्या माझ्याच गुणांशी ताडून पाहतात. ती मूळ चाचणी मुद्दाम ढिसाळ द्यावी, म्हणजे पुढे पास होणे सोपे जाते, असा सल्ला नवख्या खेळाडूंना हसतहसत देणारे लोक प्रत्येक संघात भेटतात, आणि एकेकाळी मीही तो दिला आहे. सुदैवाने स्वतः मात्र तो पाळला नव्हता.

सामना संपल्यावर तीन तासांच्या आत दुसरी तपासणी झाली आणि दोन रात्रींच्या विश्रांतीनंतर तिसरी. पहिल्या तपासणीत पास झालेल्यालाही या दोन्ही चुकत नाहीत, कारण काही लक्षणे उशिरा वर येतात. तिसऱ्या तपासणीतील लक्षणांच्या यादीपाशी मी अडखळलो. डोकेदुखी, मळमळ, उजेडाचा त्रास, चिडचिड अशा बावीस लक्षणांपुढे शून्य ते सहा यांपैकी एक आकडा आपणच लिहायचा असतो. चित्रीकरण आणि माउथगार्ड यांच्यापुढे माझ्या मताला किंमत नव्हती. इथे मात्र सगळी भिस्त माझ्या शब्दावर होती. माझा करार त्याच हंगामाअखेर संपणार होता, आणि माझ्या जागी उतरलेला मुलगा, वयाने माझ्याहून आठ वर्षांनी लहान, उत्तम खेळला होता. डोकेदुखीपुढे मी आधी एक लिहिला, मग खोडून तीन केला.

पुढची वाट पायऱ्यापायऱ्यांची असते: विश्रांती व हलकी हालचाल, सायकल, धावणे, अंगाला अंग न लावता सराव, पूर्ण टॅकलचा सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीवर किमान २४ तास काढावे लागतात आणि लक्षण परतले, तर एक पायरी खाली यावे लागते. लक्षणे लवकर ओसरली, तरी पहिल्या सात दिवसांत सामना खेळता येत नाही, आणि अशा दुखापतींचा पूर्वेतिहास असल्यास ती मुदत किमान बारा दिवसांची होते. मी नवव्या दिवशी पासिंगच्या सरावापर्यंत पोहोचलो. सराव छान झाला, पण संध्याकाळी दिव्याकडे पाहवेना. रात्री साडेदहापर्यंत मी ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही आणि मग फिजिओला फोन केला. त्याने एवढेच विचारले, ‘कधीपासून?’ आणि मी खरी वेळ सांगितली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा नुसत्या धावण्यावर होतो.

यानंतरचे दिवस कंटाळवाणे गेले. त्यातला एकच भाग मनापासून केला, तो म्हणजे टॅकल प्रशिक्षकासोबत गुडघ्यांवर बसून डोके योग्य बाजूला नेण्याचा सराव. पंधराव्या वर्षी शिकलेली गोष्ट एकतिसाव्या वर्षी पुन्हा पहिलीपासून गिरवताना विचित्र वाटत होते. पूर्ण टॅकलच्या सरावाआधी संघाशी संबंध नसलेल्या तज्ज्ञांनी माझे सगळे कागद पाहिले, तासभर प्रश्न विचारले आणि मगच परवानगी दिली.

तीन सामने हुकले. चौथ्यासाठी संघ जाहीर झाला, तेव्हा ७ क्रमांक त्या मुलाकडेच राहिला होता आणि मला बदली खेळाडूंच्या बाकावरचा २० मिळाला होता. कराराचा विषय अजून कोणी काढलेला नव्हता. मी साठाव्या मिनिटाला उतरलो, आणि पहिल्याच टॅकलनंतर उठताना माझी नजर आपोआप मैदानाबाहेरच्या डॉक्टरांकडे गेली. ते पडद्याकडे पाहत होते.