वाट सरकली आणि मनोरे उरले

इटलीत रोमकडे जाणाऱ्या व्हिया फ्रान्सिजेना या जुन्या यात्रावाटेवर गाम्बास्सी तेर्मे गावाहून सान जिमिन्यानोकडे निघालो तेव्हा ऑक्टोबरचं धुकं द्राक्षमळ्यांत तसंच बसून होतं. आजचा टप्पा जेमतेम १३ किलोमीटरचा. पण आदल्या दिवशीच्या २४ किलोमीटरनी डाव्या टाचेला फोड आणलेला, म्हणून चाल गोगलगायीची.

वाटेत पांकोलेचं देऊळ लागतं. देऊळच म्हणतो, कारण रस्ता चक्क चर्चच्या पोटाखालच्या कमानीतून जातो. १६६८ सालची गोष्ट सांगतात: एका मुक्या गुराखी मुलीला झुडपांत मेरीचं चित्र सापडलं, तिला वाचा फुटली, आणि घरी येऊन बघते तर पावाची रिकामी पेटी भरलेली! कमानीखाली बसून मी माझा कालचा पाव काढला. तो दगड झाला होता.

सान जिमिन्यानो बराच वेळ दिसत राहतं, जवळ मात्र येत नाही. टेकडीवर उभे दगडी मनोरे. मोजले, अकरा भरले. खरं तर चौदा आहेत. एके काळी ७२ होते म्हणतात.

हे गाव मोठं केलं ते आम्ही चाललो त्याच वाटेनं, व्हिया फ्रान्सिजेनानं. सन ९९०च्या सुमाराला कँटरबरीचे आर्चबिशप सिगेरिक रोमहून परतताना त्यांच्या मुक्कामांची यादी केली गेली. ७९ मुक्काम, आणि रोमकडून एकोणिसावा हा. यात्रेकरू आले की व्यापारी आले. इथलं केशर दूरदूर जाऊ लागलं. कर्जंसुद्धा केशरात फेडली जात. एका ग्रॅमला दीडशेच्या आसपास फुलं लागतात, आणि तीही पहाटे खुडायची, हे ऐकल्यावर त्या श्रीमंतीचा अंदाज येतो.

पैसा आला तशी भाऊबंदकीही आली. आर्दिंगेल्ली घराणं एका पक्षाचं, साल्वुच्ची घराणं दुसऱ्या. ज्याचा मनोरा उंच त्याची मान उंच. शेवटी नगरसभेला कायदाच करावा लागला, की आमच्या मनोऱ्याहून उंच कुणी बांधायचं नाही. मग साल्वुच्चींनी दोन शेजारी शेजारी बांधले, असं गावकरी हसून सांगतात. आत जागा इतकी चिंचोळी, की शिडीनंच वर जायचं, आणि आगीच्या भीतीनं चूल सगळ्यात वर. धुणंभांडी करणाऱ्या बाईचे गुडघे कुणी मोजले नाहीत.

सान मात्तेओच्या वेशीतून आत शिरलो. याच गावातली, लोकांनी संत मानलेली फीना ही मुलगी, पाच वर्षं लाकडी फळीवर पडून राहिली आणि १२५३ मध्ये गेली. तिच्या समाधीवर आलेल्या दानातून रुग्णालय उभं राहिलं. यात्रेकरूंनाही तिथे आसरा मिळे. मनोऱ्यांच्या भेगांत मार्चमध्ये पिवळी फुलं येतात, ती तिची.

पुढे १३४८ची प्लेग. गाव ओस पडलं, आणि १३५३मध्ये फ्लॉरेन्सच्या ताब्यात गेलं. वाटही खाली एल्सा नदीच्या खोऱ्यात सरकली. पैसाच नाही तर मनोरे पाडून नवे वाडे कोण बांधणार? श्रीमंत फ्लॉरेन्समधले असे मनोरे कधीच छाटले गेले. इथले गरिबीनं राखले.

दुपारी मात्र इथं चालवत नाही. रानडुकराचे सॉसेज टांगलेली दुकानं, आइस्क्रीमची रांग, सेल्फीच्या काठ्या. क्रेदेन्सियालेवर, म्हणजे यात्रेकरूच्या ओळखपुस्तिकेवर, शिक्का मारून घेतला आणि मुक्कामी जाऊन पाय मिठाच्या पाण्यात बुडवले.

सातनंतर बस गेल्या आणि चौक मोकळा झाला. मधोमध १२७३ची विहीर. तिच्या दगडी काठाला दोरांनी पाडलेल्या खाचा आहेत, बोट आत जाईल इतक्या खोल. एका खाचेत बोट ठेवून बराच वेळ बसलो. वर कुठल्या तरी खिडकीत कुणी कांदा परतत होतं.

सकाळी सान जोव्हान्नीच्या वेशीतून बाहेर. मोंतेरिज्जोनी ३० किलोमीटर. फोड फुटला होता.