करवंदाचा सोडा, मे महिन्यातला

मे लागला की बामणोलीच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत दोन तऱ्हेची माणसं येतात. एक पर्यटक, आणि दुसरे आमचेच मुंबईकर, माथाडीत कामाला असलेले, जत्रेला नि लग्नांना गावी आलेले. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी खाली गेलेलं असतं, लाँचपासून चढून येईस्तोवर घशाला कोरड पडते. आमच्याकडे राहण्या-जेवणाची घरगुती सोय आहे. तिथं मी पाहुण्यांना कोला देत नाही, घरी आंबवलेला करवंदाचा सोडा देते.

आधी आल्याचं विरजण लावायचं. सातारी आलं चांगलं धुवायचं पण सोलायचं नाही, कारण फेस आणणारं यीस्ट सालीवरच असतं. बरणीत पाणी, चमचाभर किस, चमचाभर साखर, वर फडकं. रोज तेवढीच भर घालून ढवळलं की या उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत बुडबुडे धरतात.

करवंदं वाडीतल्या बायका आणतात. ऊन चढायच्या आत जाळीत शिरायचं, काट्यांनी मनगटं ओरबाडून घ्यायची, आणि मग तीच करवंदं द्रोणात भरून दिवसभर रस्त्याकडेला बसायचं. त्यातही गाडीवाले घासाघीस करतात, ते मला बघवत नाही. मी सगळी टोपली घेते, त्या सांगतील त्या भावानं. मग दोघी-तिघी पडवीत बसून देठं काढतो. देठापाशी पांढरा चीक येतो, तो मिठाच्या पाण्यात काढून टाकला नाही तर सोडा जिभेला चिकटतो.

गोडीसाठी साखर, गूळ, मध असं तिन्ही करून पाहिलंय. गुळानं रंग मळतो आणि करवंदावर काकवीची चव चढते. इकडचा जांभळीचा मध मात्र किंचित कडसर, करवंदाच्या आंबटपणाला तो फार छान धरून राहतो. महाग पडतो, तरी माझा कौल त्यालाच.

करवंदाचा रस, मध आणि आल्याचं विरजण एकत्र करून बाटल्या भरते. काचेच्या बाटल्यांबरोबर एक प्लास्टिकची भरून ठेवते, गॅस किती धरलाय ते चेपून बघायला. ती टणक लागली की सगळ्या फ्रीजमध्ये. पण वळवाचा पाऊस आला की लाइट जाते, फ्रीज बंद, आणि बाटल्या परत कामाला लागतात. तेव्हा झाकणं हळूच सैल करून गॅस सोडायचा, ओलं पोतं गुंडाळायचं आणि बाटल्या घंगाळातल्या पाण्यात उभ्या करायच्या. आत्या रात्री उठूनसुद्धा ते पोतं भिजवतात.

आंबवलं की थोडंसं अल्कोहोल तयार होतंच, म्हणून सांगूनच देते. लहान मुलांना साधं सरबत.

शनिवार-रविवारी मागणी वाढते. घाईनं साखर जास्त घातली तर नुसता दाब वाढतो, चव मुरत नाही. तयार असेल तेवढाच सोडा मिळेल, हे मी फोनवरच सांगते, आणि लोक ऐकतात.

यंदा पुतण्या थोडं विरजण नवी मुंबईला घेऊन गेलाय. तिकडच्या दमट उकाड्यात ते फार जोरात चालेल. बाटली रोज उघडून बघ, असं त्याला दोनदा बजावलंय.