खडखड

तसं काही विशेष झालं नाही. पाऊस उघडला म्हणून महाबळेश्वरला गेलो, येताना केळघर घाटात चहाला थांबलो आणि खाली ओढ्याकडनं शीळ ऐकू आली. अगदी माणसाची. मला वाटलं गाड्यावरचं पोरगं गाणं जुळवतंय, मधेच चाल विसरतंय, परत पहिल्यापासनं. ते हसलं, "ओ ताई, कस्तूर हाय त्यो." बघितलं तर ओल्या दगडावर नुसता काळा पक्षी, पण जरा वळला आणि खांद्यावर निळं काहीतरी चमकलं. सगळे गप्प.

नेमकं तेव्हाच डोक्यावरच्या झाडात शेकरू खडखडायला लागलं. मागच्या पायांनी उलटं लटकून खात होतं, आम्हाला बघून बिनसलं असणार. नाना म्हणाले, "खालची आपली धाकटी, वरची थोरली."

सगळे हसले. मीपण हसले, त्याचाच जास्त राग येतोय. धाकटीचा गळा गोड आहे, मान्य. तिच्या हळदीला तर... जाऊ दे. पण थोरली म्हणजे खडखड? आणि किती सहज, हातातला कप खाली न ठेवता.

झोप येईना म्हणून मोबाईलवर वाचत बसले. शीळकरी कस्तूर मुख्य गातो तो पावसाळ्यात, त्यातही गाणारा नर, म्हणजे नानांचं तिथंच चुकलं. शेकरू आपला राज्यप्राणी, त्याच्यासाठी १९८५ ला भीमाशंकरचं अभयारण्य झालं. शेपटीसकट जवळजवळ ३ फूट, जमिनीवर सहसा उतरतच नाही, या झाडावरनं त्या झाडावर २० फुटांची उडी मारतं, आणि एकट्याची घरटी बघाल तर चार-चार. मला इथं माहेरी कपाटाचा अर्धा खण, त्यातपण आईच्या जुन्या साड्या.

तरी खडखड काही डोक्यातनं जाईना. मग पुढं वाचलं, ते खडखडतं कारण त्याला धोका दिसलेला असतो. हे मात्र पटलं बघा. गॅस चालू राहिला की घरात कोण ओरडतं? लाईटबिलाची तारीख गेली की? धाकटी व्हिडिओ कॉलवर दोन ओळी गाते, नाना डोळे पुसतात, आणि बीपीच्या गोळीसाठी रोज माझीच किरकिर.

अगं बाई, गोळी. आज घाटाच्या नादात विचारलंच नाही. अकरा वाजलेत, नाना झोपले असतील. असू देत, जाते खडखडायला.