इंग्रजीतल्या दोन मैत्रिणी : एक फोनमधली, एक खोलीतली

राज्यातील मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी शिकवण्यास २००० साली सुरुवात झाली. माझी पहिली त्याआधीच होऊन गेली असल्यामुळे माझ्या वाट्याला पाचवीपासूनचे इंग्रजी आले, आणि तेही कोल्हापूरजवळच्या गावातील शाळेत, जिथे धडा वाचून त्याचा मराठी अर्थ सांगितला की इंग्रजीचा तास संपत असे. त्या पद्धतीबद्दल माझी तक्रार नाही, कारण तिच्यामुळेच वाचन आणि व्याकरण पक्के झाले. रसायनशास्त्राची इंग्रजी पुस्तके कधी अडली नाहीत आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत प्रयोगशाळेत नोकरी लागल्यावर ई-मेलही व्यवस्थित लिहिता येऊ लागले. अडत होते ते बोलण्यापाशी. आडात पाणी होते, पण पोहऱ्यात येत नव्हते. परदेशी ग्राहकांबरोबरच्या कॉलवर मी केलेल्या चाचण्यांची माहिती माझ्या शेजारी बसलेला सहकारी सांगत असे आणि मी त्याच्यापुढे कागद सरकवत असे.

अशा वेळी ज्याला त्याला एकच सल्ला सुचतो : इंग्रजी बोलणाऱ्या मित्रमैत्रिणी करा. पुण्यात मित्रमैत्रिणींचा तोटा नव्हता, पण त्या सगळ्यांना मराठी येत होती किंवा निदान हिंदी. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या साताऱ्याच्या मैत्रिणीबरोबर मी ठरवून पाहिले की चंदननगर येईपर्यंत फक्त इंग्रजीत बोलायचे. हवामान, सुट्टी आणि कँटीनची भाजी एवढे विषय शिक्रापूरच्या आतच संपले. मग तिला घरची काहीतरी खरी गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगताना दोनदा अडखळल्यावर मीच म्हणाले, ‘अगं, मराठीत सांग की नीट, काय झालं ते.’ ज्या दोघींना एकमेकींशी मराठीत मनातले बोलता येते त्यांनी मुद्दाम इंग्रजीत बोलणे हे नाटकाच्या तालमीसारखे होते, आणि रोज संध्याकाळी थकून परतताना तालीम कोण करणार?

कुणीतरी टोस्टमास्टर्सच्या क्लबात नेले. १९२४ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या या संस्थेचे क्लब पुण्यातही आहेत आणि त्यांची शिस्त मला आवडली. आयत्या वेळी मिळालेल्या विषयावर एक ते दोन मिनिटे बोलायचे, वेळ दाखवायला हिरवे, पिवळे आणि लाल कार्ड, आणि तुम्ही किती वेळा ‘अं’ आणि ‘आ’ केलेत ते मोजायला एक वेगळा माणूस. उभे राहून बोलण्याची भीड तिथे बरीच चेपली. पण बैठक संपून मंडळी खाली टपरीवर चहाला आली की सगळे सुखाने मराठी-हिंदीवर येत. मैत्री तिथे झाली, ती टपरीवर झाली, आणि म्हणून मराठीत झाली.

या सगळ्याच्या आसपास मी फोनवर हॅलोटॉक आणि टँडेम ही ॲप घेतली. यांचा व्यवहार सरळ देवाणघेवाणीचा असतो : आपली भाषा कोणती आणि शिकायची कोणती हे नोंदवायचे, म्हणजे ज्यांना आपली भाषा हवी आहे आणि ज्यांच्याकडे आपल्याला हवी ती आहे अशी माणसे समोर येतात. जपानी किंवा कोरियन येणाऱ्या माणसाला या बाजारात मोठा भाव आहे. मराठीला गिऱ्हाईक फारच थोडे. जे भेटले ते बहुतेक परदेशात वाढलेली मराठी घरांतली मुले, ज्यांना आजीशी बोलण्यापुरती मराठी हवी होती. त्यांचे इंग्रजी एवढे भरभर धावे की मी ‘येस, येस’ करत मागे राहत असे, आणि त्यांचा उत्साहही लवकरच मावळत असे. शिवाय मुलीचे नाव दिसले की ‘हाय डिअर’ने सुरुवात करणाऱ्या पुरुषांची जी रांग लागते, तिचा अनुभव इथे विस्ताराने सांगण्यासारखा नाही. फोन नंबर द्यायचा नाही, भाषेबद्दल एकही प्रश्न न विचारता फोटो मागणाऱ्याला लगेच ब्लॉक करायचे आणि सेटिंगमध्ये फक्त स्त्रियांशीच ओळख होईल अशी सोय असेल तर ती चालू करायची, एवढे केल्यावर गर्दी ओसरली. नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येक मुलीने हे पहिल्याच दिवशी करावे.

ती सोय चालू केल्यानंतर पोलंडमधील एक मैत्रीण मिळाली. वूच या जुन्या कापडगिरण्यांच्या शहरात ती हिशेबनीसाचे काम करत होती आणि तिलाही माझ्यासारखेच वाचता-लिहिता येत होते, पण बोलताना घाम फुटत होता. जिची जन्मभाषा इंग्रजी आहे अशीच जोडीदारीण हवी, हा माझा हट्ट तिच्यामुळे सुटला, आणि शिकणाऱ्यांनी तो आधीच सोडावा असे माझे मत आहे. दोघीही शिकाऊ असलो की कुणी कुणाला हसत नाही आणि दोघीही सावकाश बोलतात. तोटा एवढाच की काही चुका दोघींच्या सारख्याच निघतात. पोलिश भाषेतही मराठीप्रमाणेच ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखे काही नसते. ॲपमध्ये एकमेकींचे वाक्य खोडून दुरुस्त करण्याची सोय आहे, तिच्यात ती माझा ‘द’ काढून टाकी आणि मी तिच्या वाक्यात तो घाली, आणि दोघींनाही खात्री नसे.

पहिले कित्येक आठवडे आमच्या गप्पा प्रश्नोत्तरांसारख्या चालत : तुझा छंद कोणता, तुमच्याकडे थंडी किती पडते. एकदा तिने विचारले की मी नेमकी कुठली, तेव्हा कोल्हापूर म्हणजे काय ते सांगताना मला वळिवडे आठवले. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघात हद्दपार झालेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे ५,००० माणसे, त्यांत बहुतांश बायका आणि मुले, इराणमार्गे भारतात आली आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिली. ती गेल्यावर त्या जागी फाळणीत आलेले सिंधी निर्वासित वसले आणि आज आम्ही लग्नाचा बस्ता बांधायला ज्या गांधीनगरला जातो ते उभे राहिले. माझ्या पोलिश मैत्रिणीला जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला आश्रय दिलेल्या मुलांची गोष्ट ठाऊक होती, कारण वॉर्सामध्ये त्या ‘चांगल्या महाराजां’च्या नावाचा चौकच आहे. वळिवड्याचे नाव मात्र तिने ऐकले नव्हते. तिने एकामागून एक प्रश्न विचारले : राहायला घरे कशी होती, शाळा होती का, तुमच्या आजीने त्यांना पाहिले असेल का? आजीला मी फोन करून विचारले. पुढच्या सुट्टीत गावी गेल्यावर महावीर उद्यानातील पोलिश स्मृतिस्तंभाचे फोटो काढले आणि तिथल्याच बाकावर बसून तिला आवाजी संदेश पाठवले. एकाचे दोन झाले, दोनाचे चार, आणि पाठवून झाल्यावर माझ्या लक्षात आले की आज मी आधी काहीच लिहून घेतले नव्हते. तिला जे हवे होते ते माझ्यापाशी होते, आणि ते देण्याच्या घाईत इंग्रजीचा विचार करायला सवड मिळाली नव्हती.

त्यानंतर आम्ही रविवारी कॉलवर बोलू लागलो. तिच्याकडे संध्याकाळचे पाच वाजत तेव्हा माझ्याकडे उन्हाळ्यात साडेआठ वाजलेले असत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातील घड्याळे एक तास मागे गेली की तेच साडेनऊ होत, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा साडेआठ. तोवर मी पेइंग गेस्ट म्हणून राहत होते आणि तिथे साडेनऊनंतर फोनवर मोठ्याने बोलायला मनाई होती, म्हणून हिवाळ्यातील आमची मैत्री गच्चीवर, शाल पांघरून चालली.

ही मैत्री खरी होती आणि आहे. तरीही तिच्यात माझी एक बाजू सुरक्षित राहत असे. कॉलआधी मी विषय काढून ठेवत असे, थकलेली असले तर ‘पुढच्या रविवारी बोलू’ असे कळवत असे, आणि बोलणे खुंटले की दोघींपैकी कुणीतरी सभ्यपणे निरोप घेत असे. दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडणे, एकाच वेळी तिघांचे ऐकणे, चेष्टेला चेष्टेने उत्तर देणे, रागावणे, यांतले काहीच तिथे करावे लागत नव्हते. कंपनीच्या कॉलवर नेमके तेच लागत होते.

ते करावे लागले खराडीच्या भाड्याच्या घरात. तिथे माझ्याबरोबर राहायला आलेली मुलगी नागालँडची, सुमी समाजाची, विमाननगरच्या एका हॉटेलात काम करणारी. नागालँडची राजभाषा १९६७ पासून इंग्रजीच आहे. तिची हिंदी रिक्षावाल्याशी बोलण्यापुरती होती आणि मराठी तर नव्हतीच. म्हणजे पाण्याची टाकी कधी भरायची, सिलिंडर कुणी लावायचा, कामवाल्या मावशी उद्या येणार नाहीत, हे सगळे आम्हाला इंग्रजीतच बोलणे भाग होते. मी इंग्रजी शिकते आहे हे तिला मी बरेच दिवस सांगितले नाही. सांगितले असते तर तिने कदाचित माझ्यासाठी सावकाश बोलायला सुरुवात केली असती.

आमची खरी सलगी झाली ती अखुनीमुळे. अखुनी म्हणजे आंबवलेले सोयाबीन. डुकराच्या मटणात ते घालून तिने पहिल्यांदा शिजवले, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण काकू जिना चढून आल्या आणि मला दारात गाठून म्हणाल्या, ‘अगं, गटार तुंबलं की काय म्हणून बघायला आले मी. ही शिजवते तरी काय?’ ती आत ओट्याशी उभी, काकू दारात, आणि मधे मी. तिने विचारले की काकू काय म्हणत आहेत. गटाराचा उल्लेख गाळून, पण वास येतो ही गोष्ट न लपवता सांगायला मला दोन सेकंदही मिळाले नसतील. तिने सांगितले की खिडकी उघडी ठेवून शिजवते, झाकण लावते, पण हे तिच्या घरचे जेवण आहे आणि ती ते सोडणार नाही. ते काकूंना मराठीत सांगताना मी माझ्या पदरचे एक वाक्य जोडले : ‘काकू, तुम्ही सुकट भाजता तेव्हा आम्ही काही म्हणतो का?’ काकू हसल्या आणि वाटीभर चव बघायला घेऊन गेल्या. त्या हसण्याचे कारण मैत्रिणीला समजावून सांगताना सुकट, चटणी, कोल्हापूर असे करत आम्ही रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. नंतर माझ्या डब्यातील कांदा-लसूण चटणी तिच्या अखुनीत पडू लागली, आणि तिच्या राजा मिरचीपुढे आमची लवंगी मिरची फिकी ठरली, हे मी नाइलाजाने मान्य केले.

भांडणेही झाली. तिची रात्रपाळी संपे तेव्हा माझी झोप मोडे. एकदा सकाळी त्यावरून जुंपली आणि मी जे बोलले त्यातील निम्म्या वाक्यांचे व्याकरण मोडलेले असणार, पण तिला सगळे कळले आणि तिचे मला. दुसऱ्या दिवसापासून ती चपला हातात घेऊन आत येऊ लागली आणि मी सकाळचा मिक्सर बंद केला.

तिच्या ओळखीने पुण्यातील नागा मंडळींच्या नाताळच्या जेवणालाही गेले. तिथे वेगवेगळ्या जमातींची माणसे आपापसात नागामीज आणि इंग्रजी यांची सरमिसळ करून बोलत. पाचसहा जण एकदम बोलत असताना विनोद मला सगळ्यांचे हसून झाल्यावर कळे. हा सराव पोलंडच्या कॉलवर कधीच मिळाला नसता. उलट, पोलंडच्या कॉलची सवय नसती तर मी त्या जेवणाला गेलेच नसते, कोपऱ्यात ताट घेऊन बसण्याच्या भीतीने काहीतरी निमित्त काढले असते.

म्हणून ऑनलाइन की प्रत्यक्ष, असे कुणी विचारले तर मी क्रम सांगते. तोंडच उघडत नसेल तर फोनवरून सुरुवात करावी. जोडीदार शिकाऊच असावा आणि लिहिण्यावरून आवाजी संदेशांवर शक्य तितक्या लवकर यावे, नाहीतर आपण आणखी चांगले ई-मेल लिहायला शिकतो, एवढेच. प्रत्यक्षात मात्र ‘सराव करू’ म्हणणारा मराठी मित्र शोधू नये, ज्याच्याशी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलताच येत नाही असा माणूस शोधावा. पुण्यामुंबईत तो दुर्मीळ नाही : ईशान्येकडची मुले आहेत, आफ्रिकेतून आणि आखाती देशांतून आलेले विद्यार्थी आहेत, नुकत्याच रुजू झालेल्या केरळच्या परिचारिका आहेत. यांपैकी बहुतेकांना घर मिळवण्यापासून रिक्षाच्या भाड्यापर्यंत इथल्या माणसाची गरज असते. त्यांना फुकटचे शिक्षक समजून जवळ गेलात तर ते त्यांना लगेच कळते; गॅसचे बुकिंग करून द्यायला गेलात तर चहा मिळतो.

कॉलवर माझ्या चाचण्यांबद्दल आता मीच बोलते. पोलंडच्या मैत्रिणीशी महिन्यातून एखादा रविवार ठरतो, आणि अजूनही आम्ही दोघी आधी विषय कळवून ठेवतो. खोलीतली मैत्रीण दीड-दोन वर्षांनी दिमापूरला परतली आणि तिथे तिने बेकरी काढली. तिच्याशी विषय ठरवावा लागत नाही. पहाटे भट्टी तापेपर्यंत ती आवाजी संदेश पाठवते, मी बसमध्ये ऐकते, आणि साताऱ्याची मैत्रीण शेजारून विचारते, ‘काय म्हणतेय गं ती?’