खोडदला आम्ही काय करतो

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मजकूर मागितला, तेव्हा आठवणींपेक्षा कामाबद्दलच लिहावेसे वाटले. दुर्बीण म्हटले की मुलांना शास्त्रज्ञ दिसतात. तांत्रिक सहाय्यकाचे काम त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटीत, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या महाकाय दुर्बिणीत, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. १४ मधल्या चौकात, १६ इंग्रजी वाय आकाराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या या कल्पनेमुळे वारा आरपार जातो, सांगाडा हलका राहतो. अवकाशातल्या हायड्रोजनची रेडिओ लहर २१ सेंटिमीटरची आणि जाळीची भोके १ ते २ सेंटिमीटरची, त्यामुळे लहर निसटत नाही.

दोन-दोन डिशचे संकेत एकमेकांशी जुळवून चित्र बनते; ३० डिशच्या अशा ४३५ जोड्या होतात. एक डिश बिघडली की २९ जोड्या गेल्या. म्हणून सुरुवातीला ३सी४८, ३सी१४७ किंवा ३सी२८६ यांपैकी आकाशातल्या एका प्रखर रेडिओ स्रोताकडे १०-१५ मिनिटे पाहायचे आणि प्रत्येक डिशचा आलेख तपासायचा. मग दर अर्ध्या तासाला ४-५ मिनिटे लक्ष्याजवळच्या कॅलिब्रेटरवर, म्हणजे तुलनेसाठीच्या ओळखीच्या स्रोतावर, कारण वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे, आयनमंडलामुळे, फेज (लहरीचा पुढे-मागेपणा) सरकत राहते. इथे वेळ वाचवणे मला कधीच पटलेले नाही. चित्र पुसट येते.

पुढचे काम संगणकावर, लिनक्सवर. 'लिस्टस्कॅन' हा प्रोग्राम निरीक्षणांच्या नोंदींची यादी, म्हणजे लॉग बनवतो. त्यात फाइलचे नाव लगेच बदलावे, नाहीतर त्यावरून माहितीची फाइल बनवणारा 'जीव्हीफिट्स' प्रोग्राम टेस्ट.फिट्स नावाचीच फाइल देतो आणि चार दिवसांनी कुठली कुणाची ते कळत नाही. मग 'कासा' या रेडिओ खगोलशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्लॅगिंग, म्हणजे खराब नोंदी वगळणे. स्कॅनच्या, म्हणजे एका स्रोताच्या सलग निरीक्षणाच्या, पहिल्या काही सेकंदांत डिश अजून स्थिरावत असते, ते काढायचे. एखाद्याच चॅनेलवर (वारंवारतेच्या अरुंद पट्ट्यावर) उभी रेघ दिसली तर बहुधा ट्रान्समीटर. सगळ्या चॅनेलवर एकदम ठिणग्यांसारखे ठिपके आले तर विजेच्या तारेवरचा सैल सांधा किंवा तडकलेला इन्सुलेटर. ३२५ मेगाहर्ट्झच्या आसपास याचा फार त्रास. मोबाइल हाही ट्रान्समीटरच; तो आवारात का चालत नाही, हेही यावरून समजेल.

शेवटी सेल्फ-कॅलिब्रेशन, म्हणजे मिळालेल्या चित्रावरूनच डिशच्या चुका दुरुस्त करणे: आधी फक्त फेजच्या दोन-तीन फेऱ्या, मग लहरीची उंची, म्हणजे अ‍ॅम्प्लिट्यूड. घाई केली तर मंद स्रोत चक्क पुसले जातात.

शाळेतल्या मुलांनी पायथन ही संगणकभाषा आणि लिनक्स आतापासून शिकावे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदचे प्रदर्शन सर्वांना खुले असते. तिथे डिश पाहून झाली की कंट्रोल रूमबद्दल जरूर विचारा.