चार हजार वर्षांचं गुंतवळ

पर्थहून महिनाभराच्या सुट्टीवर गोरेगावला आलेय. रात्री जेवणं झाली की आई बाल्कनीत बसून केस विंचरते आणि कंगव्यातलं गुंतवळ बोटाला गुंडाळत राहते. परवा ते बघताना मला पश्चिम ऑस्ट्रेलियातली जुकानची गुहा आठवली. तिथे केसांचा गुंफलेला पट्टा सापडला होता, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचा.

"म्हणजे माझी आजी गुंतवळ जमवून गंगावन करायची, तसंच?" आईने लगेच विचारलं.

तसंच. कितीतरी माणसांचे केस एकात एक गुंफलेले. त्यातला डीएनए तिथल्या मूळ रहिवाशांशी, आजच्या पुटू कुंती कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांशी जुळला. त्यांच्याच पणज्यांचे केस ते.

"मग ती गुहा बघता येते का गं?"

नाही. ती उडवली. २४ मे २०२० ला, सुरुंग लावून, लोखंडाच्या खाणीसाठी.

माझा पगार पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या त्याच लाल मातीतून येतो, म्हणून हे तुम्हाला नीट सांगायला हवं. माझी कंपनी खाणींचं नियोजन करायचं सॉफ्टवेअर बनवते. ऑफिसात मोठी मीटिंग सुरू होण्याआधी कुणीतरी म्हणतं, ही जमीन वाजुक नूंगार लोकांची आहे, त्यांच्या पूर्वजांना आमचा आदर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. जुकानचं सगळं वाचल्यापासून ते शब्द ऐकताना मान वर होत नाही.

त्या गुहेत माणसाच्या ४६,००० वर्षांच्या खुणा होत्या. मधल्या हिमयुगातही माणसं तिथे येत राहिली होती. रिओ टिंटो या खाण कंपनीला ती आणि शेजारची गुहा तोडायची सरकारी परवानगी २०१३ मध्ये मिळाली, मूळ रहिवाशांच्या वारशाबद्दलच्या १९७२ च्या कायद्याखाली. पुढच्या वर्षी तिथे खोदकाम झालं, ७,००० हून जास्त वस्तू मिळाल्या, जागेचं खरं मोल कळलं. पण एकदा दिलेली परवानगी नव्या माहितीमुळे फिरवायची सोय त्या कायद्यात नव्हती. अपिलाचा हक्क जमीन वापरणाऱ्याला होता, ज्यांचे पूर्वज तिथे राहिले त्यांना नव्हता. खाण वाढवायचे चार पर्याय होते आणि त्यातल्या तिघांत गुहा वाचत होत्या, हे त्या लोकांना कुणी सांगितलंच नाही. चौथा पर्याय घेतला, कारण त्यात ८० लाख टन जास्तीचं खनिज हाती येत होतं. मे महिन्यात त्या लोकांनी गुहेत जाऊ द्या म्हणून विचारलं, तेव्हा कळलं की दारू ठासून झाली आहे आणि आता ती काढता येत नाही.

नंतर बराच गदारोळ झाला, कंपनीच्या प्रमुखाला जावं लागलं. २०२३ च्या जुलैत नवा कायदा लागू झाला आणि काही महिन्यांत मागेही घेतला गेला. आज पुन्हा १९७२ चाच कायदा आहे, थोड्या दुरुस्त्या करून.

आईचा प्रश्न मुंबईच्या माणसाला सुचेल तसाच होता. "देव दुसरीकडे बसवता नसता आला?" आपली मुंबादेवीसुद्धा मूळची बोरीबंदरची, नंतर भुलेश्वरला आली. प्राणप्रतिष्ठा केली की देव नव्या जागी नांदतो, हे आपण लहानपणापासून बघतो. जिथे जागाच देव आहे, तिथे काय उचलून नेणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही आरेतल्या पाड्यावर गेलो. आईला शेवळं, करटोली आणून देणाऱ्या मावशी तिथे राहतात. झाडाखाली वाघोबा, शेंदराचे थर इतके जाड की वाघाचे डोळे बुजून गेलेत. मावशींनी चिकटलेलं पान बोटाने अलगद काढलं. २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी इथली दोन हजारांहून जास्त झाडं पडली, त्या रात्री करवतींचा आवाज पाड्यावर ऐकू येत होता म्हणाल्या. आरेत खाण नाही. पण गडचिरोलीत, एटापल्ली तालुक्यात, सुरजागडच्या डोंगरावर माडियांचा ठाकुरदेव आहे, जानेवारीत तिथे यात्रा भरते, आणि तोच डोंगर लोखंडासाठी खोदला जातोय. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरिया कोंध आदिवासींना निदान विचारलं तरी गेलं. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा सभांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. त्यांच्या देवाचा, नियमराजाचा डोंगर राहिला. माडियांनाही तसंच विचारायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

परतताना रिक्षात आईने विचारलं, "तुमच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये अशा जागा दिसतात का?"

दिसतात. नकाशावर लाल रेषेने वेढलेल्या असतात. परवानगीचा कागद आला की रेष काढून टाकायची असते. ते काम अजून माझ्याकडे आलेलं नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर होतं.